सात नंबरचं होमपेज

"मॅडम, सात नंबरवर परत आलंय," मृणाली गळवे म्हणाली आणि तिच्या मागच्या दोघीतिघींनी ओढण्या तोंडाला लावल्या.

हातातला मार्कर तसाच टेबलावर टाकून मी धावले. इंटरनेट उघडलं की आमच्या वर्गातल्या दहाही मशीनवर सरावाचं साधं पांढरं पान यायला हवं. मीच तसं लावून ठेवलं होतं. सात नंबरवर भलतंच पान होतं. मध्ये शोधायची चौकट आणि तिच्या दोन्ही अंगांना अपुऱ्या कपड्यातल्या बायका. 'तुमच्याच गावातल्या मैत्रिणी तुमची वाट पाहत आहेत', असं त्या इंग्रजीत सांगत होत्या. वर पत्त्याच्या जागेखाली आणखी दोन पट्ट्या येऊन बसलेल्या, लाल-पिवळ्या, लुकलुकणाऱ्या. बक्षीस लागलं, भविष्य बघा, गाणी उतरवा. आटपाडीत आणि मैत्रिणी वाट बघतायत! एरवी मला हसू आलं असतं.

मी सरळ पडद्याचं बटण बंद केलं. "सहा नंबरवर दोघी दोघी बसा. आणि दात काढायचं काही कारण नाही."

तिसरी वेळ होती. पहिल्यांदा मी म्हटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्यांदा नेट पुरवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. पण तिसऱ्यांदा? घर झाडून पाठ फिरवावी आणि कुणीतरी तोच केर पुन्हा आणून टाकावा, तसं चाललं होतं. दर वेळी दुपारी बाराला वर्ग रिकामा झाला की मी सात नंबर पुढ्यात घेऊन बसायची. कंट्रोल पॅनल उघडायचं, मशीनवर नंतर आलेलं जे जे दिसेल ते काढून टाकायचं, पट्ट्या उपटायच्या, होमपेजच्या जागी आपला पत्ता पुन्हा लिहायचा, मग चार वेळा उघडून चार वेळा बंद करून बघायचं. चारही वेळा पांढरं स्वच्छ पान. दोन वाजता मुली येऊन बसल्या की त्या बायका पुन्हा हजर.

म्हणजे हे मशीनचं काम नव्हतं, माणसाचं होतं. आणि बारा ते दोनच्या मध्ये माझ्या वर्गात एकच माणूस येत होता.

ही गोष्ट दोन हजार अकराच्या फेब्रुवारीतली. मी अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची, तोंडानं तिखट आणि डोक्यानं त्याहून. डाळिंबाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम खाली, आणि वर माझा संगणक वर्ग. वडिलांनी अर्धी मेंढरं विकून मला ही मशीनं घेऊन दिली होती. गावात चर्चा झालीच, मेटकऱ्यानं पोरीच्या नादानं कळप घालवला. त्यामुळे हा वर्ग चालला पाहिजे हे माझ्या डोक्यात चोवीस तास असायचं. आणि तो चालत होता तो मुलींवर. आटपाडीतले आईबाप माझ्याकडे मुली पाठवत, कारण शिकवणारी बाई होती.

तो एक माणूस म्हणजे सोपान लोहार. एका सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं शिपाई. मुली त्यांना मामा म्हणायच्या, म्हणून मीही मामाच म्हणायची. वय चौपन्न, अंगावर धुऊन धुऊन विटलेली खाकी, बगलेत कापडी पिशवी. दुपारच्या सुट्टीत, एक ते दोन, ते एकटेच सरावाला यायचे आणि भिंतीकडेच्या सात नंबरवर बसायचे. एप्रिलात त्यांच्या खात्यात शिपायांतून कारकून करायची यादी निघणार होती. यादीत नाव यायचं तर मार्चअखेर संगणकाचं प्रमाणपत्र हातात हवं. पुढची यादी निघेपर्यंत मामांच्या हातात नारळ आला असता.

"सत्तावीस वर्सं उभ्यानं गेली, मॅडम," पहिल्या दिवशी ते म्हणाले होते. "शेवटची बसून काढू द्या."

मला त्यांचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. कारकुनाला मराठी टायपिंग लागतं म्हणून मी एक फुकट मिळणारा टायपिंगचा प्रोग्राम नेटवरून उतरवून आणला होता, खास त्यांच्यासाठी. मशीन साफ करताना तोही निघून जायचा, तर मामांचा सराव बुडू नये म्हणून मी तो पेनड्राइव्हवरून दर वेळी पुन्हा घालून ठेवायची. एवढं कोण करतं? आणि त्या माणसानं माझ्याच ताटात माती कालवावी, याचा मला जास्त राग आला.

त्याच संध्याकाळी गळवे अण्णा जिना चढून वर आले. मृणालीचे वडील, डाळिंबाचे व्यापारी, गोदाम त्यांचं आणि वरची खोलीही त्यांचीच. अण्णा कधी ओरडत नसत. खुर्ची ओढून बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मॅडम, पोरी काय बघत्यात हितं?"

"अण्णा, ते चुकून..."

"तीनदा चुकून?"

मी टेबलावरच्या मार्करचं टोपण लावलं.

"माझी पोरगी हाय म्हणून मला कळलं. उद्या बाकीच्यांच्या घरी कळंल. मग तुमी पोरी शिकवा न्हाईतर मेंढरं राखा, खोली मातर माझी रिकामी करायची. कोण करतंय ते बघा."

"बघते."

"बघू नका. काढा त्याला."

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी बूड एका जागी टेकेना. दहाच्या बॅचला शिकवताना मी तीनदा तेच वाक्य बोलले. डोक्यात एकच, आज रंगेहाथ पकडायचं.

बुधवारी पावणेएकला मी मृणालीला मुद्दाम लवकर बोलावून घेतलं. तिच्यासमोर सात नंबर साफ केला, तिच्यासमोर पान चार वेळा उघडून दाखवलं.

"नीट बघ. काय आहे?"

"पांढरं पान, मॅडम."

"लक्षात ठेव. आता दोनलाच ये."

मग टायपिंगचा प्रोग्राम घातला. आमच्याकडे नवा प्रोग्राम घालायचा म्हणजे पाच बोटांचा हिशोब. नेक्स्ट, नेक्स्ट, अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश. मला सांगलीला माझ्या सरांनी असंच शिकवलं होतं, आणि मी मुलींकडून तोंडपाठ करून घेत असे. वाचत बसेल तो मागे पडेल, हे माझं वाक्य. दहा मशीनवर मी पंधरा मिनिटांत हवं ते घालत असे आणि त्याचा मला भलता तोरा होता.

एक वाजता मामा आले. चपला दाराबाहेर काढल्या, पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि सातवर बसले. त्यांना मोकळीक मिळावी म्हणून मी डबा घेऊन खाली गोदामात गेले. खोकी बांधणाऱ्या बायका माझ्याशी बोलत होत्या आणि मी वर लाकडी तक्तपोशीकडे बघत होते. दोनला पाच कमी असताना वर आले तर मामा पिशवी उचलत होते.

"आज सतरा शब्दांवर गेलो, मॅडम. मिनटाला." चेहरा खुललेला होता.

"थांबा जरा. मुली येऊ देत."

ते थांबले. दाराशी, भिंतीला पाठ न टेकता, शिपाई उभा राहतो तसे. मुली आल्या, सगळ्या बसल्या, आणि मी सर्वांसमोर सात नंबरवर इंटरनेट उघडलं.

त्या बायका आल्या. लाल-पिवळ्या पट्ट्याही.

"हे काय आहे, मामा?"

त्यांनी बघितलं आणि पटकन मान भिंतीकडे वळवली. "आरं देवा. बंद करा ते, मॅडम. पोरी हायत्या हितं."

"लाज आत्ता आठवली?"

"म्या न्हाई केलं ते. ते उघडायचं कसं तेच मला ठावं न्हाई. तुमी टायपिंग दिलं, तेवढंच करतो."

"पावणेएकला मी हे पान साफ केलं. मृणाली, काय होतं?"

"पांढरं," मृणाली हळूच म्हणाली.

"आणि पावणेएक ते दोन या मशीनवर कोण बसलं होतं? माझं भूत?"

मामांनी विचार केला. खरोखर विचार केला, आणि मला तेच सहन झालं नाही.

"बसलो म्याच," ते म्हणाले. "तुमचं बरोबर हाय. पर केलं न्हाई."

"चोराच्या उलट्या बोंबा!" माझा आवाज जिन्याखाली गेला असणार, कारण गोदामातलं बोलणं थांबलं. "घरी बायको आहे, लेकीसुना असतील. या वयात मुलींच्या वर्गात येऊन हे धंदे करायचे? उद्यापासून ही पायरी चढायची नाही."

"आन परीक्षा?"

"शनिवारी पाचच्या आत नावं पक्की करायची आहेत. तुमचं मी करणार नाही."

"मॅडम, यादी..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मग वाकून सात नंबरची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, पिशवी बगलेत घेतली आणि गेले. मुलींकडे त्यांनी बघितलं नाही. मला वाटलं, बघवत नसणार, पाप आहे ना पोटात.

मी सात नंबर पुन्हा साफ केला. गुरुवारी पान पांढरं. शुक्रवारीही पांढरं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी अण्णांना जिन्यातच सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. "माणूस वळखायला येत न्हाई आजकाल," ते म्हणाले. मला आता शांत वाटायला हवं होतं. पण एक वाजला की माझी नजर जिन्याकडे जायची. का जायची, ते मी स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी चारला परीक्षेच्या आधीची शेवटची उजळणी होती. मृणाली अर्धा तास आधीच आली. सोळा जणींची नावं मी सकाळीच पक्की केली होती. पडद्यावरच्या यादीत सतरावं नाव, मामांचं, लाल अक्षरात तसंच राहिलं होतं.

"मॅडम, मामांचं ते मराठी टायपिंग मला द्या ना घालून," मृणाली म्हणाली. "तलाठ्याच्या परीक्षेला लागतं म्हणं."

"बस सातवर."

मी पेनड्राइव्ह लावला आणि उभ्या उभ्याच नेक्स्ट, नेक्स्ट, अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश केलं. वर्गात आम्ही दोघीच होतो. मी टेबलाकडे वळले.

"मॅडम."

"काय गं?"

"जरा इकडं या."

तिनं सवयीनं इंटरनेट उघडलं होतं. त्या बायका परत आल्या होत्या.

खाली टेपने खोकी चिकटवल्याचा चर्र चर्र आवाज येत होता.

"मामा तर..." मृणाली म्हणाली.

"गप्प बस."

मी आठ नंबरवर गेले. तिथे तसलं काही कधी आलंच नव्हतं. तोच पेनड्राइव्ह लावला आणि तोच प्रोग्राम सुरू केला. या वेळी बोट धरून ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक पडदा वाचला. पहिल्यावर स्वागत. दुसऱ्यावर अटी. तिसऱ्यावर, अ‍ॅग्रीच्या बटणाच्या वर, फिकट करड्या बारीक अक्षरात दोन ओळी आणि त्यांच्याआधी दोन छोट्या चौकटी. शोधपट्टी बसवा. आमचं पान तुमचं होमपेज करा. दोन्ही चौकटींत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. खूण काढायला फक्त एक बोट लागत होतं. मी ती काढली, प्रोग्राम पुरता घातला आणि इंटरनेट उघडलं. पांढरं पान.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दर वेळी मीच ती घाण काढत होते आणि मीच ती परत घालत होते. घातल्यावर इंटरनेट उघडून बघायचं तेवढं मी करत नव्हते, कारण ते मी आधी चार वेळा केलेलं असायचं. मध्ये मामा येऊन बसायचे आणि सतरा शब्दांसाठी झगडून जायचे. तो प्रोग्राम मी त्यांच्यासाठी आणला होता.

घड्याळात चारला दहा कमी होती. नाव पक्कं करायचा पडदा मी उघडला, आणि तिथे अडले. उमेदवारानं स्वतःचा पासवर्ड घालायचा होता. तो मामांनी स्वतः ठरवलेला, त्यांनाच माहीत. त्यांच्याकडे फोन नव्हता.

"मृणाली, बॅच तू बसव. मागचे प्रश्न सोडवायला सांग."

"कुठं चाललाय?"

"निंबवड्याच्या रस्त्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि ह्याचं काय सांगू?" तिनं सातकडे बोट दाखवलं.

"बंद करून ठेव," मी म्हणाले.

मामांचं घर गावाबाहेर सहा किलोमीटरवर. स्कूटीला मी एवढी कधी पळवली नव्हती. मध्ये मेंढरं आडवी आली तेव्हा मी, मेटकऱ्याची पोर, मेंढक्याला शिव्या घातल्या. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. मामा, माझं चुकलं. मामा, ते मशीननं. मामा, कुणाचंही झालं असतं. एकही वाक्य दुसऱ्यापर्यंत टिकत नव्हतं.

पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. दारात त्यांची बायको, हौसाबाई, धान्य पाखडत होती. मला बघून लगबगीनं उठली.

"आगं बया, मॅडम तुमी? या, या. आवं, कोण आलंय बघा!" मग माझ्याकडे वळून, "किती नाव घेत्यात तुमचं. कालच म्हणलं, मॅडमनी हात धरून शिकिवलं. रोज दुपारी येत्यात न्हवं तुमच्याकडं? आता परीक्षा जवळ आली म्हणून जास्तच. काल तर डबा तसाच परत आला, टायपिंगच्या नादात खायचंच राहिलं म्हणं."

काल. परवा. मी मान हलवली.

भिंतीच्या कोनाड्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा टेकवून ठेवला होता. आमच्याच गोदामातल्या खोक्याचा. त्यावर पेनानं चौकोन आखून त्यांत सगळी अक्षरं लिहिली होती, जशी कीबोर्डवर असतात तशी. मधल्या ओळीतली अक्षरं बोटं घासून घासून पुसट झाली होती.

"रात्री जेवल्यावर त्याच्यावर बोटं नाचवत बसत्यात," हौसाबाई हसली. "आवाज न्हाई, काय न्हाई. नुसतं डोळं मिटून."

मामा मागच्या दारानं आले. हात ओले होते. मला बघून ते जागच्या जागी उभे राहिले आणि बायकोकडे बघितलं. त्या एका नजरेत त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि काय बोलायचं नाही तेही.

"मामा, चला," मी म्हणाले. "नाव पक्कं करायचंय. पाचच्या आत."

"आता?" हौसाबाई म्हणाली. "ताक तरी घ्या."

"आल्यावर," मामा म्हणाले. त्यांनी खुंटीवरचा सदरा चढवला, बटणं चालता चालता लावली.

चौपन्न वर्षांचा माणूस एका पोरीच्या स्कूटीवर मागे बसला होता, दोन्ही हात मागच्या दांडीला धरून, मला स्पर्श होऊ नये म्हणून मागे रेललेला. वळणावर मी वेग कमी केला.

"मामा, तुम्ही नव्हतं केलं ते. आज कळलं मला. माझ्याच हातून होत होतं. त्या टायपिंगच्या प्रोग्राममध्येच होतं, मी न वाचता घालत होते."

मला वाटलं, वाऱ्यात ऐकू गेलं नाही.

"मामा, माफ करा."

"हितं नगं, मॅडम," ते म्हणाले. "जितं बोलला तितं बोला."

जिना चढलो तेव्हा साडेचार वाजले होते. सोळाच्या सोळा मुली आत होत्या, आणि माझ्या खुर्चीत गळवे अण्णा बसले होते. मामांना बघून त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"ह्याला कशापायी आणलं?"

मुलींच्या माना वर झाल्या. मृणाली सात नंबरजवळ उभी होती. मामा दाराशीच थांबले, चपला काढल्या, आत आले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघत.

दोन वाक्यांचं काम होतं. हे मी केलं. मामांचा संबंध नाही. पण समोर अण्णा होते, खोली त्यांची होती. एका बापानं विचारलं असतं, मग आमच्या पोरींच्या पुढ्यात ते तुम्हीच आणून ठेवत होता? आणि त्याला हो म्हणावं लागलं असतं. मला अर्धा कळप आठवला. सोळा जणींचे आईबाप आठवले.

"मशीनमध्ये व्हायरस निघाला, अण्णा," मी म्हणाले. "आपोआपच येत होतं ते. मामांचा काही दोष नाही."

वर्गानं सुटकेचा श्वास सोडला. अण्णांनी मान हलवली. "आसं व्हय. यंत्राला काय कळतंय. आरं ये की आत, लोहारा." आणि त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली, चुकून गल्ली बदललेल्या बैलाला मारतात तशी.

मृणाली माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मामा माझ्या टेबलाशी बसले. पडदा उघडाच होता. दहाही बोटं त्यांनी मधल्या ओळीवर ठेवली, नियमाप्रमाणे, आणि एक एक अक्षर दाबून पासवर्ड घातला. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी लाल नाव हिरवं झालं. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मीही वाजवल्या.

टाळ्यांच्या आवाजात मामा माझ्याकडे वळले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल एवढं बोलले.

"मॅडम, यंत्रानं मला भाईर काढलं न्हवतं."

मग उठले, खाली गेले. मी सोडायला येते म्हटलं, तर त्यांनी नको म्हटलं. सहा किलोमीटर चालत गेले असणार.

याला आता चौदा वर्षं झाली. माझ्याकडे आता तीस मशीनं आहेत, खोली स्वतःची आहे. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी थांबायला शिकवते. प्रोग्राम घालताना सरसकट 'एक्सप्रेस' नाही, एकेक बघून घालायचं 'कस्टम' निवडायचं. प्रत्येक पडदा मोठ्यानं वाचायचा. आधीच केलेली खूण दिसली की विचारायचं, ही कुणी केली. आणि काही नवं घातलं की सगळ्यात आधी आपलं पान जागेवर आहे का बघायचं. मुलं कंटाळतात. मॅडम फारच चिकट आहेत म्हणतात. हे मी कधी शिकले, कसं शिकले, असं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

मामा परीक्षा पास झाले. परीक्षेचं केंद्र दिघंचीला होतं, निकाल परस्पर कचेरीत गेला. माझ्या जिन्यावर ते पुन्हा आले नाहीत. मी त्यांच्या कचेरीत जाईन, घरी जाईन, मुलींना एकदा समोर बसवून सगळं सांगेन, असं रोज ठरवायची. दोनची बॅच रोज येत होती. रोज वाटायचं, उद्या.

त्याच वर्षी मे महिन्यात एका दुपारी हौसाबाई जिना चढून आली. हातात घरच्या हुलग्यांची पिशवी, डोक्यावर पदर, चढून चढून धाप लागलेली. वर्गात पाचसहा मुली होत्या. मृणालीही होती.

"आर्डर आली, मॅडम! सोमवारी सायबानं टेबल दावलं. खिडकीकडचं."

"मामा नाही आले?"

"म्हणलं चला. तर म्हणलं, तूच जा. नवं नवं हाय न्हवं, काम आसतंय." तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमी त्या दिवशी घरापतूर आला न्हाईतर आमचं काय खरं न्हवतं. कोण येतंय शिपायाच्या घरी?"

"हौसाबाई," मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हसत, डोळ्यांत पाणी. मुलींनी टायपिंग थांबवलं होतं. खाली अण्णांचा आवाज येत होता.

"बसा," मी म्हणाले. "चहा सांगते."

"चहा नगं. तेवढं पाया पडू द्या."

"अहो, काहीतरीच काय. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या."

"वयाचं काय घिऊन बसलाय? गुरूच्या जागी हाय तुमी."

तिनं पदर सावरला आणि वाकली. मृणाली सात नंबरपाशी उभी राहून माझ्याकडेच बघत होती. हौसाबाईचे दोन्ही हात माझ्या पावलांना लागले, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.